शिवण दिसू द्या : जपानी आधुनिक संगीताची ध्वनिमुद्रणं कशी ऐकावीत

आजचा आपला विषय आहे विसाव्या शतकातलं जपानी अभिजात संगीत. त्यातही आपण तेच संगीत घेणार आहोत, ज्यात जपानी वाद्यं किंवा जपानी स्वरकल्पना आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकमेकांच्या समोर आले. आणि बोलायचं आहे ते मुख्यतः ध्वनिमुद्रणांबद्दल. कारण साधं आहे. या रचना प्रत्यक्ष सभागृहात ऐकण्याची संधी आपल्यापैकी फार थोड्यांना मिळेल. आपण त्या तबकडीवर, सीडीवर, आता बहुधा फोनवर ऐकतो. म्हणजे आपल्या कानावर जे येतं ते रचनाकार, वादक आणि मायक्रोफोन अशा तिघांनी मिळून केलेलं असतं. यातल्या तिसऱ्याचा विचार आपण सहसा करत नाही. आज तो करू.

अशा ध्वनिमुद्रणांच्या वेष्टनावर एक शब्द हमखास सापडतो : संगम. पूर्व आणि पश्चिम यांचा संगम. हा शब्द ऐकायला गोड आहे, पण तो आपल्या कानाला एक अपेक्षा लावून देतो. दोन प्रवाह एकजीव झाले की काम फत्ते, असं आपण धरून चालतो. मग एखाद्या रचनेत दोन आवाज वेगळे राहिले, एकमेकांना खटकले, तर आपल्याला वाटतं, इथं काहीतरी फसलं. आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं आहे की या परंपरेतल्या सर्वांत मोलाच्या रचनांमध्ये जोडाची शिवण मुद्दाम दिसती ठेवली आहे, आणि ध्वनिमुद्रणाच्या तंत्राचा कल ती झाकण्याकडे असतो. म्हणून ऐकताना ती शिवण शोधायची.

आधी थोडी पार्श्वभूमी

१८६८ च्या मेइजी सत्तांतरानंतर जपाननं लष्कर, कायदा, शिक्षण सगळंच नव्यानं उभं करायला घेतलं. संगीतही त्यातून सुटलं नाही. १८७१ मध्ये अंध वादकांचा जुना संघ सरकारनं मोडीत काढला. कोतो आणि शामिसेन या वाद्यांची विद्या शतकानुशतकं या संघानं सांभाळली होती. त्याच वर्षी फुके या बौद्ध पंथावर बंदी आली. शाकुहाची ही बांबूची बासरी या पंथाचे भिक्षू ध्यानाचं साधन म्हणून वाजवत. पुढं १८८० मध्ये अमेरिकेतून ल्यूथर व्हाइटिंग मेसन नावाचे शिक्षक आले, शाळांसाठी गाणी तयार झाली आणि १८८७ मध्ये टोकियो संगीत विद्यालय सुरू झालं. शाळेतलं संगीत म्हणजे पाश्चात्त्य संगीत, हे समीकरण तेव्हा बसलं ते बसलंच. माध्यमिक शाळेत निदान एक तरी जपानी वाद्य हाताळायला द्यावं, असा नियम अभ्यासक्रमात लागू झाला तो थेट २००२ मध्ये.

हे लक्षात घेतलं की एक गोष्ट स्पष्ट होते. विसाव्या शतकातल्या जपानी संगीतकाराला 'आपलं' संगीत कुणी ताटात वाढून दिलेलं नव्हतं. पियानो शाळेतच भेटायचा. शाकुहाची मात्र मुद्दाम शोधत जावी लागे. आपल्याकडे रागसंगीत आणि रंगमंचावरचं गाणं लोकांच्या कानावर सतत होतं, तशी ही परिस्थिती नाही. तिथं परकं ते जवळचं आणि आपलं ते दूरचं, असा उलटा प्रकार झाला होता.

पहिली पद्धत : वाद्य बदलून पाहणं

आता पहिल्या ध्वनिमुद्रणाकडे येऊ. मिचिओ मियागी यांचा जन्म १८९४ चा, कोबे शहरातला. लहानपणीच दृष्टी गेली आणि ते कोतो शिकू लागले. कोतो म्हणजे लांबट लाकडी पेटीवर ताणलेल्या १३ तारांचं वाद्य. ते पुढं जमिनीवर ठेवून बोटांत नख्या घालून छेडतात. मियागींना पाश्चात्त्य संगीतातल्या खर्जाच्या सुरांची भरदार साथ आपल्या वाद्यमेळात हवी होती, म्हणून १९२१ मध्ये त्यांनी १७ तारांचा मोठा कोतो बनवून घेतला. १९२९ मध्ये त्यांनी 'हारु नो उमी', म्हणजे 'वसंतातला समुद्र', ही कोतो आणि शाकुहाची यांच्यासाठी रचना केली. तिचा आराखडा पाश्चात्त्य पद्धतीचा आहे : संथ, मग जलद, मग पुन्हा संथ. सुरावट मात्र जपानी.

१९३२ मध्ये रेने शेमे या फ्रेंच व्हायोलिनवादक बाई जपानच्या दौऱ्यावर आल्या. त्यांनी ही रचना ऐकली आणि शाकुहाचीची सुरावट व्हायोलिनवर उतरवली. मग मियागींचा कोतो आणि शेमेबाईंचं व्हायोलिन अशी तबकडी निघाली. ती जपानबाहेरही विकली गेली आणि 'हारु नो उमी'चं नाव जगभर झालं. आज जपानमध्ये नववर्षाच्या दिवसांत दुकानांतून, दूरचित्रवाणीवर ही रचना इतकी वाजते की लोकांना ती लोकसंगीतासारखी वाटते.

आता ऐकताना काय करायचं? व्हायोलिनची आवृत्ती आणि शाकुहाचीची आवृत्ती लागोपाठ ऐका. आपण पहिली दोनेक मिनिटं घेऊ.

[ध्वनिमुद्रण : दोन्ही आवृत्त्यांचा सुरुवातीचा भाग]

फरक लक्षात आला असेल. शाकुहाची उभी धरतात आणि वरच्या टोकाच्या तिरप्या कडेवर फुंकतात. तिला भोकं फक्त पाच : चार पुढं, एक मागं. बाकीचे सूर हनुवटी वर-खाली करून, फुंकीचा कोन बदलून काढायचे असतात. हनुवटी खाली घेतली की सूर उतरतो आणि सोबत त्याचा रंगही मावळतो. म्हणजे या वाद्यात प्रत्येक सुराची उंची जशी वेगळी, तसा त्याचा पोतही वेगळा. शिवाय फुंकीचा खरखरीत आवाज हा दोष मानत नाहीत. तो संगीताचाच भाग आहे. व्हायोलिनवर यातलं काय येतं? सुरावट येते. मींडही येते. पोतातला फरक आणि श्वासाचा आवाज येत नाही. त्या जागी व्हायोलिनचा कंप येतो आणि सगळे सूर एकसारखे उजळ होतात.

शेमेबाईंनी काही बिघडवलं असं आम्ही म्हणत नाही. तबकडी सुंदरच आहे आणि तिच्यामुळेच ही रचना जहाजात बसून जगभर गेली. पण प्रवासाला निघताना काय घरी राहिलं ते आपल्याला कळलं पाहिजे. पहिल्या पद्धतीच्या मिश्रणाची किंमत हीच : सूर जातात, पोत मागं राहतो.

हाच प्रकार उलट्या बाजूनंही झाला. हिदेमारो कोनोये हे जपानमधल्या पहिल्या पिढीतले मोठे संचालक. त्यांचं घराणं दरबारी उमरावांचं आणि थोरले भाऊ पुढं पंतप्रधान झाले. १९३० मध्ये त्यांनी टोकियोत मालरच्या चौथ्या सिंफनीचं ध्वनिमुद्रण केलं. ही सिंफनी संपूर्ण ध्वनिमुद्रित झाली ती जगात तेव्हाच पहिल्यांदा, आणि तीही युरोपात नव्हे! त्याच कोनोयेंनी गागाकुमधली, म्हणजे जपानच्या दरबारी संगीतातली, 'एतेनराकु' ही प्राचीन रचना पाश्चात्त्य वाद्यवृंदासाठी लिहून काढली. लिओपोल्ड स्तोकोव्स्की यांनी फिलाडेल्फिया वाद्यवृंदासोबत १९३० च्या दशकात तिची तबकडी केली. मूळ रचनेत शो नावाचं वाद्य सुरांचा एक उंच, स्थिर, धुक्यासारखा पुंजका धरून ठेवतं. कोनोये ते काम व्हायोलिनांच्या वेगवेगळ्या गटांकडे देतात. ऐकायला फार मनोहर आहे. तरी तोच प्रश्न उरतो : धुक्याचं चित्र काढलं म्हणजे गारवा येतो का?

दुसरी पद्धत : नादाच्या आत शिरणं

युद्धानंतरच्या पिढीनं हा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवला. तोशिरो मायुझुमी, जन्म १९२९. त्यांनी काही काळ पॅरिसला शिक्षण घेतलं आणि परतल्यावर ध्वनिफितीवरचं संगीत जपानमध्ये आणलं. एनएचके या सार्वजनिक नभोवाणीचा इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ १९५५ मध्ये सुरू झाला, त्यातही त्यांनी काम केलं. मायुझुमींना ओढ होती ती देवळातल्या मोठ्या घंटेच्या नादाची.

इथं थोडं ध्वनिशास्त्र सांगायला हवं. तार छेडली की मूळ सुरासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनसंख्येचे बारीक सूर निघतात. आपण त्यांना स्वयंभू स्वर म्हणतो. तंबोऱ्यावर खर्जातून गंधार ऐकू येतो तो असाच. घंटेचं गणित वेगळं. तिचे उपस्वर मूळ सुराच्या पूर्ण पटीत नसतात. ते वाकड्यातिकड्या अंतरांवर बसतात आणि काही एकमेकांना इतके जवळ असतात की त्यांच्या झगड्यातून नाद हेलकावे घेत राहतो. म्हणून जपानी देवळातल्या घंटेचा टोला पडल्यावर तो नाद बराच वेळ आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा चालू असतो.

मायुझुमींनी घंटांच्या नादाच्या ध्वनिविश्लेषणाचा आधार घेतला. कुठला उपस्वर किती जोरात आहे, किती वेळ टिकतो हे पाहिलं आणि ते उपस्वर वाद्यवृंदातल्या वाद्यांना वाटून दिले. एक सूर बासरीला, एक हॉर्नला, एक व्हायोलिनला. सगळे मिळून वाजले की घंटा उभी राहते. यातून १९५८ मध्ये 'निर्वाण सिंफनी' झाली. सहा भागांपैकी तीन घंटानादाचे आहेत. उरलेल्यांत पुरुषांचा गायकवर्ग बौद्ध पठणाच्या धर्तीवर गातो. दोन भागांची नावं आपल्याला अनुवादाशिवाय कळतील : एक 'शूरंगम' आणि दुसरं 'महाप्रज्ञापारमिता'. संस्कृत शब्द चीनमार्गे जपानला पोचले, तिथल्या उच्चारांत मुरले आणि हजार-बाराशे वर्षांनी एका सिंफनीच्या मुखपृष्ठावर परत आपल्या मूळ रूपात आले.

पहिल्या पद्धतीपेक्षा हे किती वेगळं आहे पाहा. इथं जपानी वाद्य एकही नाही. जपानी सुरावटही नावालाच. तरीही कानाला येतो तो देवळातला पोत. कोनोयेंनी सुरावट घेतली आणि नाद बदलला. मायुझुमींनी सुरावट सोडली आणि नाद धरला.

ध्वनिमुद्रणाच्या दृष्टीनं मात्र ही रचना फार अवघड. मायुझुमींनी वाद्यवृंदाचे तीन गट केले आणि ते सभागृहात वेगवेगळ्या जागी, श्रोत्यांच्या भोवती बसवले. घंटेचा नाद एका बाजूनं उठतो, दुसरीकडून त्याला उत्तर येतं, श्रोता मध्ये. स्टीरिओ तबकड्या बाजारात आल्या त्याही १९५८ मध्येच. योगायोग छान आहे, पण स्टीरिओ म्हणजे समोरची डावी आणि उजवी बाजू. पाठीमागून येणारा आवाज त्यात बसत नाही. म्हणून या सिंफनीचं कुठलंही सामान्य ध्वनिमुद्रण ऐकताना हे धरूनच चालायचं की देवळाच्या आत उभं राहण्याऐवजी आपण त्याच्या दारात उभे आहोत. आत काय चाललंय ते दिसतं, पण आपण त्यात नाही. मग हेडफोन लावा किंवा मोठे स्पीकर, अंतर तेवढंच राहतं.

तिसरी पद्धत : समोरासमोर

आता तोरू ताकेमित्सु. जन्म १९३०, टोकियो. १९४४ मध्ये, चौदा वर्षांचे असताना, त्यांना युद्धकामासाठी डोंगरातल्या एका लष्करी तळावर पाठवलं गेलं. शत्रुराष्ट्रांचं संगीत तेव्हा निषिद्ध होतं. एके दिवशी तिथल्या एका तरुण सैनिकानं या मुलांना मागच्या खोलीत नेऊन गुपचूप एक फ्रेंच गाणं ऐकवलं : 'पार्ले-मुआ दामूर'. हातानं किल्ली द्यायचा ग्रामोफोन, आणि सुई बांबूची, टोक काढून केलेली. ताकेमित्सुंनी पुढं अनेकदा सांगितलं की संगीतकार व्हायचं ते तिथं ठरलं. म्हणजे पाहा, या माणसाच्या आयुष्यात पाश्चात्त्य संगीत आलं तेच मुळी ध्वनिमुद्रण म्हणून, चोरून, बांबूच्या टोकावरून.

युद्धानंतर त्यांना जपानी संगीत नकोसं झालं होतं. त्या सुरांना युद्धकाळाचा वास येत असे. ते बहुतांशी स्वतःच्या हिमतीवर शिकले. १९५७ ची त्यांची तंतुवाद्यांसाठीची 'रेक्विएम' ही रचना १९५९ मध्ये जपानभेटीवर आलेल्या स्ट्राव्हिन्स्कींनी ध्वनिफितीवर ऐकली आणि तिची वाखाणणी केली. त्यानंतर जगाचं लक्ष ताकेमित्सुंकडे वळलं. परत एकदा, ध्वनिफीत.

जपानी वाद्यांकडे ते वळले ते बुनराकु हे बाहुलीनाट्य ऐकून. त्यातल्या जाड दांड्याच्या शामिसेनचा आवाज त्यांच्या अंगावर आला. हे माझं आहे आणि मला ते ठाऊकच नव्हतं, असा तो धक्का होता. मग चित्रपटसंगीताच्या स्टुडिओत प्रयोग सुरू झाले. मासाकी कोबायाशी यांच्या 'हाराकिरी' (१९६२) आणि 'क्वाइदान' या चित्रपटांत बिवा ऐकू येते. स्टुडिओ ही सोयीची जागा होती. मायक्रोफोन वाद्याच्या अगदी जवळ नेता येतो, त्यामुळे बारीक आवाजाचं वाद्यही पडदा भरून टाकतं.

बिवाबद्दल दोन शब्द. हे नासपतीच्या आकाराचं तंतुवाद्य. पश्चिम आशियातून चीन आणि चीनमधून जपान असा त्याचा प्रवास. आपली सरस्वती जपानला पोचून बेन्झाइतेन झाली, तेव्हा तिच्या हाती वीणेऐवजी हीच बिवा आली. हिच्या आवाजात एक मुद्दाम ठेवलेली झणझण असते. तार रुंद पडद्यांवर किंचित घासत कंप पावते. या झणझणीला जपानी शब्द आहे 'सावारी'.

श्रोत्यांपैकी ज्यांनी तंबोरा लावला असेल त्यांच्या ओठावर एक शब्द आलाच असेल : जवारी. बरोबर. मिरजेचा कारागीर घोडीचा माथा घासून घासून जो उतार काढतो आणि आपण तारेखाली जो दोरा सरकवतो तो यासाठीच, की तार घोडीला हलकी स्पर्शत राहावी आणि उपस्वर फुलावेत. शब्दांच्या साम्यावरून नातं जोडायची घाई करू नका, पण काम एकच आहे. पाश्चात्त्य वाद्यकारागीर शेकडो वर्षं ही घासाघीस काढून टाकण्यासाठी झटला. त्याला शुद्ध सूर हवा होता. जपानी आणि भारतीय कारागिरानं ती राखली, वाढवली. म्हणून मराठी श्रोत्याला बिवा समजायला फार कष्ट पडू नयेत. जवारी न उघडलेल्या तंबोऱ्यावर गायक बसत नाही, हे आपल्याला माहीत आहे.

न्यूयॉर्क फिलहार्मोनिकच्या १२५ व्या वर्षानिमित्त ताकेमित्सुंना रचना करायला सांगण्यात आलं. ती 'नोव्हेंबर स्टेप्स'. पहिला प्रयोग ९ नोव्हेंबर १९६७, संचालक सेइजी ओझावा. बिवेवर किन्शी त्सुरुता, शाकुहाचीवर कात्सुया योकोयामा. त्सुरुताबाईंचा जन्म १९११ चा. सात्सुमा बिवा ही मुळात सामुराईंची, पुरुषांची मानली गेलेली परंपरा. बाईंनी ती आत्मसात केली, वाद्याच्या रचनेतही बदल केले आणि पुढं त्यांच्या नावानं शैली ओळखली जाऊ लागली.

काम करता करता ताकेमित्सुंनी एक निर्णय घेतला, आणि आजच्या व्याख्यानाचा गाभा तोच आहे. दोन परंपरा एकजीव करायच्या नाहीत, असं त्यांनी ठरवलं. त्यांचं वेगळेपण जितकं लख्ख करता येईल तितकं करायचं. रचना साधारण वीस मिनिटांची, अकरा 'पायऱ्यांची'. तंतुवाद्यं डावी-उजवीकडे दोन गटांत विभागलेली. वाद्यवृंद वाजतो तेव्हा बहुतेक वेळ जपानी वाद्यं गप्प, ती वाजतात तेव्हा वाद्यवृंद गप्प. आणि शेवटाकडे कित्येक मिनिटं फक्त बिवा आणि शाकुहाची. या भागाची लिपी नेहमीची नाही. चिन्हं आहेत, आकृत्या आहेत, काय वाजवायचं ते बरंचसं वादकांवर सोपवलं आहे. जगातला एक नामांकित वाद्यवृंद मंचावर वाद्यं मांडीवर घेऊन बसून राहतो आणि दोन माणसं वाजवतात.

[ध्वनिमुद्रण : दोन वाद्यांचा भाग]

काहींनी तेव्हाही म्हटलं असेल, आजही म्हणतात : मग वाद्यवृंद कशाला? दोघांनाच वाजवू दे की. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही, कारण ताकेमित्सुंनी स्वतः आधीच्या वर्षी फक्त या दोन वाद्यांसाठी 'एक्लिप्स' लिहिली होती. दोन्ही ऐका आणि तुम्हीच ठरवा. आम्हाला असं वाटतं की वाद्यवृंद गप्प बसल्यामुळे तयार होणारी शांतता 'एक्लिप्स'मध्ये नाही. जपानीत 'मा' असा शब्द आहे. दोन गोष्टींमधली जागा, दोन आवाजांमधली भरलेली शांतता. ऐंशी माणसांनी धरलेली शांतता आणि रिकाम्या खोलीतली शांतता सारखी नसते. 'नोव्हेंबर स्टेप्स'मध्ये वाद्यवृंदाचं एक मोठं काम न वाजवणं हे आहे.

शांतता कशी मुद्रित करायची?

आणि इथंच ध्वनिमुद्रणाची कसोटी लागते. पहिलं ध्वनिमुद्रण लगेच झालं : ओझावा तेव्हा टोरोंटो सिंफनीचे संचालक होते, त्या वाद्यवृंदासोबत. ते मेसियांच्या 'तुरांगलीला सिंफनी'बरोबर एका जोड-तबकडीत निघालं. ('तुरांगलीला' हे नाव संस्कृतातल्या तुरंग आणि लीला या शब्दांवरून केलेलं, हे जाता जाता.) दुसरं बर्नार्ड हाइटिंक आणि अॅम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ वाद्यवृंदाचं. पुढं बऱ्याच वर्षांनी ओझावांनी सायतो किनेन वाद्यवृंदासोबत पुन्हा केलं. तिन्हींत बिवा आणि शाकुहाची त्याच दोघांची.

व्हिनाइल तबकडीवर शांतता नसतेच. सुईची सरसर असते, मधूनच टिचकी वाजते. बांबूच्या सुईवर शिकलेल्या माणसाची शांतता तबकडीच्या सुईच्या सरसरीत बुडत होती. पुढं जपानमध्येच डिजिटल ध्वनिमुद्रणाची वाट निघाली. एनएचकेच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रावर केलेल्या तबकड्या निप्पॉन कोलंबियानं १९७१ मध्ये विक्रीला आणल्या. पुढच्या वर्षी त्या कंपनीनं स्वतःचं यंत्र बनवलं. ही जगातली पहिली व्यावसायिक डिजिटल ध्वनिमुद्रणं. त्या तंत्रानं पार्श्वभूमीचा खरखराट खूपच कमी झाला आणि मग सूर विरून गेल्यानंतरचे क्षण ऐकता येऊ लागले.

दुसरा प्रश्न तोलाचा. सभागृहात वाद्यवृंदापुढं बिवा लहानच ऐकू येते. विसाव्या रांगेतल्या श्रोत्याला सावारीचा बारकावा कितपत मिळत असेल? मायक्रोफोन जवळ ठेवला की तो मिळतो, पटाशीसारख्या रुंद नखीचा लाकडावरचा फटका छातीत बसतो. पण मग एका वाद्याचा आकार ऐंशी वाद्यांएवढा होतो, जे प्रत्यक्षात कधी घडत नाही. मायक्रोफोन मागं नेला की प्रमाण खरं राहतं, झणझण हरवते. यातलं बरोबर कुठलं, याला एकच उत्तर नाही. प्रत्येक ध्वनिमुद्रण यातली एक बाजू निवडतं. वेगवेगळी ध्वनिमुद्रणं ऐकताना 'कुठलं चांगलं' याआधी 'मला कुठं बसवलंय' हा प्रश्न स्वतःला विचारा.

वादक गेल्यावर

आता जरा गंभीर गोष्ट. त्सुरुता १९९५ मध्ये गेल्या. ताकेमित्सु १९९६ च्या फेब्रुवारीत. योकोयामा २०१० मध्ये. ज्या रचनेची जवळपास अर्धी जागा वादकांच्या मर्जीवर सोडलेली आहे, तिचं काय होतं? बीथोवनचं तसं नाही. वादक गेला तरी स्वरलिपी आहे. इथं स्वरलिपी मुद्दाम अपुरी ठेवली आहे. ती भरून काढणारी माणसं गेली, आणि मागं उरली ध्वनिमुद्रणं.

त्सुरुतांचे शिष्य आज ही रचना वाजवतात, यूकिओ तानाका हे त्यांतलं ठळक नाव. त्यांच्यापुढचा पेच आपल्याकडच्या शिष्यांना नवा नाही. गुरूची तबकडी घराघरांत आहे. तशीच तान घेतली तर नक्कल म्हणतात, वेगळी घेतली तर घराणं सोडलं म्हणतात. पण इथं पेच आणखी टोकाचा आहे. ताकेमित्सुंनी मोकळी जागा ठेवली ती वादकानं त्या क्षणी, त्या सभागृहात, समोरच्या शांततेला उत्तर द्यावं म्हणून. तिथं टोरोंटोची तबकडी पाठ करून वाजवली, तर सूर सगळे बरोबर येतील आणि रचना मात्र मोडेल. उलट तबकडी नसती तर नव्या वादकाला त्या चिन्हांमागचा आवाज कळला कसा असता? म्हणजे ज्या वस्तूनं ही रचना वाचवली, तिच्यापासूनच रचनेला जपायचं आहे. आम्हाला यात सुटका दिसत नाही, फक्त काळजी दिसते : तबकडी ऐकायची ती पायवाट कळावी म्हणून, पावलावर पाऊल टाकण्यासाठी नव्हे.

श्रोत्यालाही हे लागू आहे. एकच ध्वनिमुद्रण पन्नासदा ऐकलं की मोकळी जागा आपल्या कानात बुजून जाते. पुढचा फटका कधी येणार हे पाठ झालं, की 'मा' उरत नाही, वाट पाहणं उरतं. म्हणून निदान दोन आवृत्त्या आलटून पालटून ऐका.

पुढची वाट, आणि ऐकण्याचा क्रम

ही वाट ताकेमित्सुंपाशी थांबली नाही. त्यांनी स्वतः जपानच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या सांगण्यावरून १९७३ मध्ये निव्वळ गागाकु वाद्यमेळासाठी लिहिलं आणि १९७९ पर्यंत ती 'शरदातल्या बागेत' नावाची मोठी रचना केली. तिथं पाश्चात्त्य वाद्य एकही नाही. तोशिओ होसोकावा, जन्म १९५५, यांच्या 'लँडस्केप्स' या ध्वनिमुद्रणात मायुमी मियाता शो वाजवतात आणि म्युनिक चेंबर ऑर्केस्ट्रा साथीला आहे.

शो म्हणजे बांबूच्या १७ नळ्यांची जुडी. आत धातूच्या पातळ पट्ट्या. फुंकलं तरी वाजते, श्वास आत ओढला तरी वाजते, म्हणून तिचा नाद तुटत नाही. हिची थोरली बहीण चीनमधली शंग. याच आशियाई वाद्यांतली पट्टी अठराव्या शतकात युरोपीय कारागिरांच्या नजरेत भरली, त्यातून तिथं हार्मोनिअम जन्मलं आणि ते जहाजानं आपल्याकडे येऊन कीर्तनात, नाटकात, भजनात 'पेटी' म्हणून रुळलं. होसोकावांचं ध्वनिमुद्रण ऐकताना शोचा सूर हळूच उमलतो, तेव्हा कुठंतरी पेटीची आठवण झाली तर दचकू नका. नातं खरंच आहे.

घरी ऐकायचा क्रम असा ठेवा. आधी 'हारु नो उमी' दोन्ही आवृत्त्यांत. मग मूळ गागाकुतलं 'एतेनराकु' आणि त्यानंतर कोनोयेंचं. तिसऱ्या दिवशी 'निर्वाण सिंफनी', दिवे मंद करून, अर्ध्या तासाहून थोडा जास्त वेळ हाताशी ठेवून. मग 'एक्लिप्स', आणि लगोलग 'नोव्हेंबर स्टेप्स'. शेवटी होसोकावा. आवाज सुरुवातीला जोराच्या भागावर बेतून लावा आणि मग हात लावू नका. हळू भाग ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवला की रचनाकारानं ठेवलेलं अंतर तुम्ही स्वतःच पुसून टाकता.

आणि प्रत्येक वेळी एवढंच विचारा : इथं सुरावट आली की पोत आला? दोघं एकत्र बोलतायत की एकमेकांचं ऐकतायत? शिवण कुठं आहे? ती सापडली की ती रचना तुमची झाली.

पुढच्या खेपेला आपण कोरियाच्या इसांग युन यांच्या संगीताकडे वळू. एकाच सुराला आतून हलवत ठेवणं ही त्यांची ओळख, आणि आज शाकुहाचीबद्दल जे बोललो ते तिथं उपयोगी पडेल. तोवर ऐकत राहा.